शालिकच्या बाडीतले आलू फुटत नव्हते

शालिक, आधी भांडण. रडायचं नंतर बघू.

तुला जाऊन महिना होत आला आणि माझा राग काही उतरत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग कोणावर रागावू? जिवंत माणसं उलट उत्तर देतात, मग भांडणात तेवढी तरी मजा असते. तू जिवंतपणीही कधी उलट उत्तर दिलं नाहीस. माझी मुख्य तक्रार तीच आहे, पण तिच्याकडे मी जरा वळसा घेऊन येणार. मला सरळ बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

पहिला राग छातीचा. आठ दिवस तुझ्या छातीत कळा येत होत्या. वहिनी रोज म्हणत होती, गोंदियाला दवाखान्यात जाऊ. तू रोज म्हणत होतास, "आलू निघू दे, मंग जाऊ." आलू निघाले. शेवटची ओळ खणून, टोपली वळचणीला ठेवून, हातपाय धुऊन तू खाटेवर बसलास आणि बसल्या जागी संपलास. अरे, जमिनीतले आलू आणखी पंधरा दिवस राहिले असते तर काय पंख फुटून उडणार होते? राइस मिलमधला तुझा मुनीम काय म्हणायचा, ते मला आयुष्यभर ऐकवत आलास: "ठंडा होने दे शालिक, कहीं भागा नहीं जा रहा." आलवांना हे वाक्य लागू, धानाला लागू, मला तर रोज लागू. फक्त तुला लागू नाही. तू पळालास.

हे वाचणाऱ्या परक्या माणसाला आमची ओळख नसणार, म्हणून सांगतो. मी दवनीवाड्याला बसथांब्याजवळ सायकली दुरुस्त करतो आणि दिवाळीनंतर, धान घरात आलं की गावच्या नाटकात लोकांना हसवतो. मला नाटक्या हे नाव शालिकनं दिलं आणि गावानं ते लग्नपत्रिकेत छापण्याइतकं पक्कं केलं. शालिक राइस मिलमध्ये मजूर होता. त्याच्या घरामागं नाल्याकाठी रेताड जमिनीची बाडी होती. तिच्यात दिवाळीला आलू लावायचा आणि होळीच्या आधी काढायचा. आमच्याकडे बटाटा हा शब्द शाळेच्या पुस्तकात असतो, चुलीवर आलूच असतो. त्या बाडीच्या बांधावर बसून मी माझे संवाद पाठ करायचो आणि तो खणता खणता ऐकायचा. त्यामुळं झालं असं की माझी सगळी नाटकं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. प्रयोगाला तो पहिल्या रांगेत बसायचा. मी अडलो की खोकायचा आणि नुसते ओठ हलवायचा. ते ओठ वाचून मी पुढची ओळ अशी फेकायचो, जणू ती थांबण्याची जागा मुद्दामच ठेवली होती. टाळ्या मला मिळायच्या. खोकल्याला कधी कोणी टाळी दिली नाही.

पण पंचक्रोशीत माझं नाव झालं ते नाटकापेक्षा एका गोष्टीनं. शालिकची गोष्ट. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कोणीतरी ओरडायचंच, नाटक्या, ते आलूवाली होऊ दे. ती मी कशी सांगायचो ते एकदा लिहून ठेवतो. यापुढं ती तशी सांगणार नाही.

शालिकच्या पोरीचं, वनिताचं लग्न. शालिकनं हट्ट धरला, पंगतीला आलू घरचेच. बाजारचे आलू म्हणजे रबर, त्यानं म्हशीचे खूरसुद्धा घासता येतात. लोक म्हणाले, बापा, घरचे आलू पिठूळ असतात, रश्श्यात फुटतात. शालिक म्हणाला, मले शिकवता काय गा? (इथं मी दुपट्टा डोक्याला गुंडाळून शालिक व्हायचो.) पंगत बसली. शालिकनं ऐटीत गंजाचं, म्हणजे त्या मोठ्या पातेल्याचं, झाकण काढलं. आत आलू नाहीत. एकही नाही. मग शालिक गंजाच्या काठावर वाकतो आणि हरवलेल्या शेळ्यांना हाका माराव्यात तशा आलवांना हाका मारतो: या गा, बाहेर या, वराकडचे लोक आले, लाज राखा. (इथं बाया डोळे पुसायला लागायच्या.) वाढलेला रस्सा पत्रावळीवरून निघतो तो शेजाऱ्याच्या मांडीवर मुक्काम करतो. आणि नवरदेवाचे मामा, मिश्यांना पीळ देत म्हणतात, "पत्रावळ उचल बाबू, गिलास आण."

संपली. एवढीच. पण तिच्यावर मी नऊ वर्षं जगलो. दर वेळी तू पहिल्या रांगेत असायचास, दर वेळी हसायचास. कोणी तुझ्या पाठीत थाप मारून "काय गा लापशीवाले" म्हणालं तरी हसायचास.

आता जे झालं ते. मिलमध्ये तू उष्ण्या धानाच्या फरशीवर होतास. आपल्याकडे उष्णा तांदूळ कोणी खात नाही, तो सगळा बाहेरच्या राज्यांत जातो. आपण त्याला नाकं मुरडतो. पण तू त्याच्याकडून शिकलास. धान भिजवायचं, अर्धं वाफवायचं, फरशीवर पसरून वाळवायचं, पार थंड होऊ द्यायचं, मग भरडायचं. तू म्हणायचास, "कच्चं धान मशीनीत गेलं का कणकी होते. उष्णा केलं का दाणा तुटत नाही. आलू बी तसाच हाय. त्याले एकदा अर्धा शिजव अन् थंड होऊ दे. मंग उकळत्या रश्श्यात टाक, अंग मोडत नाही." मी म्हणायचो, आलू काय धान आहे? आपला हा वाद वनिताच्या लग्नाच्याही आधीचा. तेव्हा तो नुसता टवाळीचा वाद होता.

लग्नाच्या दिवशी तू सकाळी पोतंभर आलू सालीसकट अर्धे शिजवलेस आणि मांडवामागं चटईवर सावलीत पसरलेस. वैशाखाचा दिवस, ते लवकर थंड होणार नव्हते. वरात फाट्यावर आली म्हणून निरोप आला आणि तुला सामोरं जावं लागलं. जाताना तू मला दोनच गोष्टी सांगितल्यास. थंड झाल्याबिगर टाकू नको. आणि टाकल्यावर सराटा लावू नको, गंजाचे कान धरून हलव.

मी काय केलं, ते मला एका दमात लिहू दे. चुलाणाजवळ बाया मसाला वाटत होत्या. त्यांना हसवायला मला एवढं निमित्त पुरलं. मी तो ढवळायचा लांब दांड्याचा सराटा गदेसारखा खांद्यावर घेतला आणि राक्षसाची भूमिका सुरू केली. वाफा निघणारे आलू सोलले, कापले आणि एकेक दुश्मनाचं मुंडकं म्हणून रश्श्यात फेकले. मग रणांगण घुसळलं. बाया पोट धरून हसत होत्या. जाळ मोठा होता, मी आणखी एक लाकूड सारलं. पंधरा मिनिटांत गंजात आंबील झाली.

तू आलास, वाकून पाहिलंस. मग माझ्या हातातल्या सराट्याकडं पाहिलंस. मामा मागंच उभे होते, त्यांनी विचारलं, काय झालं? आणि तू, शहाण्या, म्हणालास, "माझंच चुकलं मामाजी. घरचे आलू हायत, फुटले."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही, पण गिलासचा विनोद झाल्यावर लोक हसले, आणि हसणारी माणसं समोर दिसली की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. संध्याकाळच्या आत मी त्या विनोदाला डोकं, पाय आणि शेळ्यांच्या हाका जोडल्या होत्या. लोक शालिकवर हसत होते तोवर सराट्याबद्दल कोणी विचारणार नव्हतं. बायांना माहीत होतं म्हणावं, तर त्यांना वाटलं असणार की आलू मुळातच खराब होते. सगळ्या गावाला तेच वाटलं. त्या लग्नानंतर कोणत्याही पंगतीला तुझ्या बाडीतले आलू कोणी घेतले नाहीत. आधी लोक टोपली घेऊन दारात यायचे. नंतर तू डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायचास आणि लोक आलू दाबून बघून, हसून पुढं जायचे. आणि तू उठून दुसऱ्या दिवाळीला पुन्हा तेच बेणं लावायचास.

मला राग कशाचा येतो? तू मला एकदा तरी कॉलर धरून हलवायला हवं होतंस. एक शिवी द्यायची. बाजारात उभं राहून ओरडायचं, या नाटक्यानं माझी इज्जत घुसळली म्हणून. मी कबूल केलं असतं. कदाचित. निदान खोटं तरी बोललो असतो आणि आपलं भांडण झालं असतं, दोन वर्षं बोललो नसतो, मग कोणाच्या तरी मयतीत पुन्हा बोललो असतो. माणसं असंच करतात. तू काय केलंस? दर वर्षी आलू काढले की पहिली टोपली माझ्या ओट्यावर आणून ठेवलीस. "उष्णा करून पाय एकदा," एवढं म्हणायचास आणि जायचास.

मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. खरं सांगू? मी भरीत करायचो. आधीच ठेचलेला आलू फुटतो की नाही, हा प्रश्नच राहत नाही. बायको म्हणायची, किती दिवस भरीत, एकदा रस्सा करू. मी म्हणायचो, शालिकचे आलू रश्श्याच्या लायकीचे नाहीत. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढं. उष्णा करून पाहिले असते आणि ते टिकले असते, तर त्या दिवशी काय फुटलं आणि कोणी फोडलं ते माझ्यापुरतं तरी उघड झालं असतं. म्हणून मी तुझ्याशी वाद घालत राहिलो. बांधावर बसून, खाल्ल्या टोपलीला न जागता, आलू म्हणजे काय धान आहे?

तू खणत राहायचास आणि म्हणायचास, "थंड हो गा."

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेच्या आणि पंगतीच्या दोन दिवस आधी वनिता माझ्या दुकानात आली. तिची पोरगी आता तिच्या कमरेएवढी झाली आहे, तुझ्यासारखीच न बोलता बघत राहते. वनिता म्हणाली, "काका, त्या दिवशी रस्सा तुम्हीच करा. बाबाच्या आलूचा." मी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होतो. म्हटलं, बाजारचे आणू, लोक खूप येतील. ती म्हणाली, "घरात दोन पोते पसरून आहेत. बाबानं मरता मरता काढले ते कोणासाठी?"

शालिक, मी आयुष्यात खूप वेळा घाबरलो आहे. पहिल्या प्रयोगाला तर मी धोतर ओलं केलं होतं, तुला माहीत आहे, तूच वाळत घातलं होतंस. पण असा कधी घाबरलो नव्हतो. आलू फुटले असते तर तुझ्याच पुण्यानुमोदनाला, तुझ्या फोटोसमोर, मामांसकट सगळ्यांनी पुन्हा गिलास मागितला असता. आणि नाही फुटले, तर मी नऊ वर्षं काय केलं ते माझ्यासमोर वाढलं जाणार होतं. दोन रात्री मी अंथरुणात याची उलटापालट केली. आणि तुला म्हणून सांगतो, मी मनातून म्हणत होतो, टिका रे बाबांनो. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्ही टिका.

सकाळी लवकर मी सालीसकट आलू थंड पाण्यात टाकले, मूठभर मीठ घातलं, जाळ बारीक ठेवला. सुरी अर्ध्यापर्यंत गेली आणि आत अडली, तेव्हा काढले. चटईवर पसरले. मग त्यांच्याशेजारी बसलो. नुसता. वंदना सुरू झाली, मी बसलो. तुझा धाकटा भाऊ येऊन म्हणाला, "पंगतीची वेळ होऊन राहिली गा, काय करून राहिला तू?" मी म्हटलं, थंड करून राहिलो. तो माझ्याकडं बघत उभा राहिला, विनोदाची वाट बघत. विनोद नव्हता. मी दर थोड्या वेळानं एक आलू उचलून गालाला लावत होतो. आतली ऊब गेल्याशिवाय मी हलणार नव्हतो.

मग सोलले, दोन-दोन फाका केल्या. रस्सा चिंचेच्या कोळासकट खळखळत होता, त्यात सोडल्या. सराटा मी आधीच वहिनीच्या हातात दिला होता आणि म्हटलं होतं, हा घरात कोंडून ठेवा. गंजाचे कान दुपट्ट्यानं धरून मी तो डावीकडं-उजवीकडं हलवत राहिलो, पाळण्यातलं लेकरू झोपवावं तसा. झाकण काढलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले.

प्रत्येक फाक आपापल्या धारेसकट उभी होती. गंजभर साक्षीदार, आणि एकही फितूर नाही.

पंगत बसली. मामा पहिल्या ओळीत. आता मिशी पांढरी झाली आहे, दात चारच आहेत, पण जीभ तशीच. त्यांनी एक फाक बोटांनी मोडली. ती मऊसूत मोडली, आतून पिठासारखी, तरी अंग धरून होती. तोंडात घातली आणि ते खूश होऊन म्हणाले, "बरं केलं नाटक्या, बाजारचे आणले. शालिकचे टाकले असते तर आज बी गिलास लागले असते."

लोक हसले. दारात वहिनी सराटा धरून उभी होती. तिनं खाली मान घातली.

मी म्हटलं, "मामा, हे शालिकचेच हायत."

"मंग फुटले काऊन नाही?"

सगळी पंगत माझ्याकडं वळली. हात थांबले, चेहरे फुलले. आता येणार, असं सगळ्यांना वाटलं. शालिक, असा प्रेक्षक मला आयुष्यात मिळाला नाही. आणि मी अडलो. सवयीनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. तिथं मामाच होते, आणि ते खोकत नव्हते.

मी म्हटलं, "कारण आज मी सराटा घातला नाही. लग्नाच्या दिवशी मी घातला होता. शालिकनं नको म्हटलं होतं. आलू गरम असताना टाकले, घुसळले. आलू त्यानं नाही फोडले. मी फोडले. इतकी वर्षं मी खोटं सांगून राहिलो."

आणि काय झालं असेल? पंगत हसून लोळली. मामांना ठसका लागला. कोणी म्हणालं, नाटक्यानं नवीन शेवट जोडला. कोणी म्हणालं, दोस्तासाठी स्वतःवर घेऊन राहिला, मोठं मन आहे. मी हात वर करून सांगत होतो, खरं आहे, शपथेवर सांगतो. जितकं मी सांगत होतो तितकं ते हसत होते. तुझ्या मोठेपणाची चोरी केली ती केली, आता कबुली दिली तर मोठेपणाही माझ्याच पदरात टाकून मोकळे. माणसाला खरं बोलायचं असेल तर त्यानं आधी वीस वर्षं विनोद करू नयेत.

एकटी वनिता हसली नाही. ती वाढता वाढता माझ्यासमोर थांबली. गंज कमरेवर घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खरं हाय ते. मले माहीत हाय. बाबानं त्याच दिवशी सांगितलं होतं."

मग मामांनी तोंडाकडं नेलेली फाक परत पत्रावळीवर ठेवली.

मी विचारलं, मग इतकी वर्षं तू का बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी विचारलं होतं बाबाले, तुम्ही लोकाईले सांगत काऊन नाही म्हणून. बाबा म्हणे, नाटक्याले सगळे बोल मीच सांगतो. हा एक त्याले आपला आपण आठवू दे."

म्हणजे तू पहिल्या रांगेत बसून हसत नव्हतास. म्हणजे हसत होतास, पण दर वेळी, शेळ्यांच्या हाकांनंतर, गिलासच्या आधी, जिथं मी श्वास घ्यायला थांबायचो, तिथं तू वाट बघत होतास. नऊ वर्षं. मी त्या जागी इतक्या वेळा थांबलो आणि इतक्या वेळा तुझ्या तोंडाकडं पाहिलं, ओठ मिटलेले पाहून मला वाटायचं की सगळं पाठ आहे, काही चुकलेलं नाही.

एकदा खोकायचं होतंस रे. एकदाच. कशाला एवढा विश्वास ठेवलास? मी काय एवढा मोठा नट होतो?

मामांनी दुसऱ्यांदा आलू मागून घेतले. जाताना तुझ्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहिले. मिशी चाचपली, काही बोलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत याला मी शोकसभा समजतो. चार बाया वहिनीला बेण्यासाठी आलू मागून गेल्या.

माझा राग गेला आहे असं समजू नको. तू छातीची कळ लपवलीस, त्याचा हिशेब वेगळा आहे, तो मी भेटल्यावर घेणार. पण काल वनिता सासरी परत जाताना टोपली घेऊन आली. दर वर्षीची, काठ तुटलेली, तुझीच. माझ्या ओट्यावर ठेवली आणि वळली. बायकोनं आतून विचारलं, आलू आले काय, भरीताला कांदे कापू?

मी म्हटलं, थांब. उद्या कर. मी आज ते उष्णा करून ठेवतो.